शार्त्रच्या काचा एका दिवसात कशा वाचाव्यात?

आडवळण

पॅरिसमध्ये चार-पाच दिवस मुक्काम असणाऱ्यांकडून "एक दिवस मोकळा आहे, व्हर्साय सोडून कुठे जावे?" हा प्रश्न येथे वरचेवर विचारला जातो आणि दर वेळी मी रंगीत काचांच्या मध्ययुगीन कॅथीड्रलसाठी (मोठ्या चर्चसाठी) प्रसिद्ध असलेल्या शार्त्र गावाचे नाव सुचवून मोकळा होतो. मागच्या महिन्यात तेथे तिसऱ्यांदा जाणे झाले, तेव्हा हा दिवस कसा घालवला तर कारणी लागतो हे एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

माझी पहिली फेरी वाया गेली होती. एका सहल कंपनीच्या बसने लुआर नदीकाठच्या वाड्यांकडे जाताना वाटेत शार्त्रला पाऊण तासाचा थांबा दिला होता. त्यातली वीस मिनिटे स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली आणि उरलेल्या वेळात माना वर करून "किती निळे आहे!" एवढे म्हणून आम्ही बसमध्ये येऊन बसलो. घरी येऊन फोटो पाहिले, तर काळ्या भिंतीवर निळे-तांबडे ठिपके सांडल्यासारखे दिसत होते. दोष निम्मा कंपनीचा आणि निम्मा माझा, कारण या खिडक्या वाचायच्या असतात हेच मला ठाऊक नव्हते.

शार्त्र पॅरिसच्या नैर्ऋत्येला सुमारे ९० किलोमीटरवर आहे. मोंपार्नास स्थानकातून ल मांसच्या दिशेने जाणारी प्रादेशिक गाडी तास-सव्वा तासात तेथे पोहोचवते. वाटेत बोसचा सपाट गहूपट्टा लागतो आणि गाव दिसण्याच्या बरेच आधी, शेतांच्या वर, दोन असमान मनोरे उभे दिसतात. दक्षिणेकडचा मनोरा बाराव्या शतकातला आणि साधा आहे. उत्तरेकडच्याचे शिखर वीज पडून जळाल्यावर १५०७ ते १५१३ या काळात जेआँ द बोस याने नव्याने बांधले. ते आठ-दहा मीटरनी अधिक उंच आणि नक्षीने गजबजलेले आहे. मला विचाराल तर साधा मनोराच अधिक देखणा आहे, पण याविषयी आमच्या घरातच एकमत नाही. स्थानकापासून कॅथीड्रल दहा मिनिटांच्या चढावर आहे आणि आत जाण्यास शुल्क नाही. तळघर आणि मनोरा यांसाठी मात्र तिकीट काढावे लागते.

आत शिरण्याची घाई करू नये. पश्चिमेकडची तीन दारे साधारण ११४५ ते ११५५ मधली आहेत. १० जून ११९४ च्या आगीत जुने कॅथीड्रल जळाले, तेव्हा हा दर्शनी भाग आणि त्यावरच्या तीन खिडक्या वाचल्या. डाव्या दाराच्या कमानीत बारा महिन्यांची कामे आणि राशी कोरलेल्या आहेत, पण मोजायला गेलात तर राशी दहाच भरतात. जागा पुरली नाही म्हणून मीन आणि मिथुन यांची सोय उजव्या दारावर केली आहे. त्याच उजव्या दारावर त्या काळच्या सात विद्यांच्या मूर्ती असून त्यांत व्याकरणविद्या हातात छडी घेतलेल्या पंतोजीण बाईंच्या रूपात बसली आहे. तिच्या पायाशी दोन पोरे आहेत आणि त्यांतले एक दुसऱ्याचे केस ओढते आहे. आठशे-साडेआठशे वर्षे हा वर्ग असाच भरलेला आहे.

आता काचांविषयी. आग लागली तेव्हा मेरीचे म्हणून पूजले जाणारे वस्त्र जळाले असे गावाने धरून चालले होते. राजा शार्ल याने ८७६ साली दिलेले ते वस्त्र तिसऱ्या दिवशी तळघरातून सुखरूप बाहेर आले, असे परंपरा सांगते. देवीलाच मोठे घर हवे आहे असा त्याचा अर्थ लावला गेला आणि सुमारे १२२० पर्यंत आजच्या वास्तूचा मुख्य भाग उभा राहिला. अभिषेक १२६० साली झाला. छताचा भार बाहेरच्या धिऱ्यांवर टाकल्यामुळे भिंतींना मोठमोठी भगदाडे ठेवता आली आणि ती सर्व रंगीत काचांनी भरली. खिडक्यांची संख्या पावणेदोनशेच्या आसपास आहे. एवढ्या सगळ्या एका दिवसात पाहण्याचा हट्ट धरला, तर एकही पाहून होत नाही.

या वेळी मी चारच निवडल्या, दुर्बीण नेली आणि प्रत्येकीसमोर खुर्ची ओढून अर्धा अर्धा तास बसलो. त्यांतली एक उदाहरणादाखल सांगतो. दक्षिणेकडच्या बाजूच्या दालनात 'भल्या शोमरोन्या'ची खिडकी आहे. खिडकी बहुधा खालून वर आणि डावीकडून उजवीकडे वाचायची असते. सगळ्यात खाली चांभार जोडे शिवत बसलेले दिसतात. त्यांच्या वर कथा सुरू होते. एक वाटसरू नगराच्या वेशीतून बाहेर पडतो, दरोडेखोर त्याला लुबाडतात, धर्मगुरू आणि लेवी (मंदिराचा सेवक) त्याला तसाच टाकून पुढे जातात आणि शेवटी परका शोमरोनी त्याच्या जखमा बांधून त्याला धर्मशाळेत नेतो. खिडकीच्या निम्म्यावर ही कथा संपते आणि कोणतीही सूचना न देता आदाम-हव्वेची सुरू होते. पहिल्या भेटीत मला ही दोन वेगळी चित्रे एकत्र कोंबल्यासारखी वाटली असती. नीट पाहिल्यावर लक्षात येते की खाली वेशीतून निघालेला माणूस आणि वर नंदनवनातून हाकललेला माणूस एकच आहे. खालची गोष्ट म्हणजे वरच्या गोष्टीचा अर्थ. पिंगुळीच्या चित्रकथीचा खेळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चटकन उमगेल. फरक एवढाच की चित्रकथी एकेक पोथीचित्र पुढे करून गोष्ट सांगतो आणि येथे सगळी पाने एकाच वेळी टांगलेली असून सांगणारा निघून गेला आहे.

तळाशी चांभारच का, हेही पाहण्यासारखे आहे. अनेक खिडक्यांच्या पायथ्याशी असे गावकामगार दिसतात. नोहाच्या खिडकीखाली सुतार, चाके करणारे आणि पिंपे करणारे आहेत, तर संत ल्युबँच्या खिडकीखाली दारूचे व्यापारी. जणू बलुतेदारांनी आपापली खिडकी वाटून घेतली. या मंडळींनी वर्गणी काढून खिडक्या दिल्या असे पूर्वी सरसकट म्हटले जाई. आता काही इतिहासकार याविषयी शंका घेतात, कारण व्यापाऱ्यांवरचा चर्चचा अधिकारही त्यांतून दाखवायचा असू शकतो. वाटसरूच्या गोष्टीखाली जोडे शिवणारे बसवणाऱ्याला विनोदबुद्धी होती, एवढे माझे मत मी नोंदवून ठेवतो.

उरलेल्या तिन्हींविषयी थोडक्यात. गाभाऱ्याच्या दक्षिणेकडील प्रदक्षिणामार्गावर निळ्या वस्त्रातली मेरी आहे. तिच्या मधल्या तावदानांचे काम ११८० च्या सुमाराचे असून ती आगीतून वाचली आणि पुढच्या शतकात तिच्याभोवती देवदूत जोडले गेले. जुना निळा आणि नवा निळा शेजारी शेजारी ताडून पाहायचा असेल, तर जागा हीच. दक्षिणेच्या मोठ्या गोल गवाक्षाखाली येशूचे चरित्र सांगणारे चार शुभवर्तमानकार त्याच्या आधीच्या काळातल्या चार संदेष्ट्यांच्या खांद्यांवर बसलेले आहेत, जत्रेत लेकरू बापाच्या खांद्यावर बसते अगदी तसे. 'आपण महाकायांच्या खांद्यांवर बसलेले खुजे आहोत' हे वचन बाराव्या शतकात येथेच शिकवणाऱ्या बर्नार या आचार्यांचे मानले जाते. शेवटची पश्चिमेकडच्या तीन जुन्या खिडक्यांतली येशूच्या वंशवृक्षाची. ती दुपारी उशिरापर्यंत राखून ठेवावी.

रानपाखरू

लेख आवडला. आम्ही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जाणार आहोत आणि त्या दिवसांत पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. अशा वेळी दिवस कसा आखावा? मनोऱ्यावर वेळ घालवणे योग्य ठरेल का?

आडवळण

डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे खाली असतो, त्यामुळे आकाश निरभ्र असेल तर दक्षिणेकडच्या खिडक्या भर दुपारीच सर्वांत चांगल्या दिसतात. साडेदहाच्या आत पोहोचून आधी उत्तरेकडच्या खिडक्या घ्या, कारण त्यांना थेट ऊन लागत नाही आणि त्यांचा प्रकाश दिवसभर साधारण सारखा राहतो. उत्तरेच्या गोल गवाक्षात फ्रान्सची राणी ब्लांश हिच्या माहेरच्या राजचिन्हातले किल्ले आणि सासरच्या राजचिन्हातली लिलीची फुले आहेत. जेवण उरकून दक्षिणेकडे या आणि तीननंतर पश्चिमेकडे तोंड करून बसा. मनोरा मी वगळला असता. आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटे काहीही न पाहता बसून राहावे, कारण बाहेरच्या उजेडातून आल्यावर डोळ्यांना तेवढा वेळ लागतोच.

ओळंबा

बांधकाम हा माझा व्यवसाय असल्याने थोडी भर घालतो. धिऱ्यांचा उल्लेख आपण एका वाक्यात उरकलात, पण बाहेरून प्रदक्षिणा घातल्याखेरीज ही इमारत समजत नाही. आतल्या दगडी छताची उंची सुमारे ३७ मीटर आहे आणि अशा कमानदार छताचा दाब सरळ खाली न उतरता भिंतींना बाहेर ढकलतो. तो दाब हवेतल्या अर्धकमानी झेलतात आणि दूर उभ्या केलेल्या जाड दगडी ठोकळ्यांमार्गे जमिनीत पोहोचवतात. शार्त्रच्या अर्धकमानींत बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे छोटे खांब बसवलेले आहेत. ते बहुतेकांच्या नजरेतून सुटतात.

दुसरी गोष्ट छपराची. २०१९ साली पॅरिसच्या नोत्र-दामचे लाकडी छप्पर जळताना आपण सर्वांनी पाहिले. शार्त्रचे लाकडी छप्पर १८३६ सालीच जळाले. त्यानंतर तेथे लोखंडी सांगाडा उभारून वर तांब्याचा पत्रा घातला गेला. शेतांतून दिसणारे फिकट हिरवे छप्पर म्हणजे गंजून हिरवे झालेले ते तांबे. आत दगडी कमान असल्यामुळे त्या आगीत खालच्या काचा वाचल्या.

काजळरेघ

काचांविषयी आपण लिहिलेले सर्व मान्य करूनही एक खंत नोंदवावीशी वाटते. मी २००५ मध्ये शार्त्र पाहिले होते आणि नंतर २०१८ मध्ये पुन्हा. पहिल्या वेळी आतला दगड काळवंडलेला होता आणि त्या अंधारातून काचा निखाऱ्यासारख्या पेटलेल्या दिसत. मधल्या काळात सफाई झाली, भिंती आणि खांब पिवळसर-पांढऱ्या गिलाव्याने उजळले आणि दुसऱ्या वेळी मला लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यासारखे वाटले. खांबावरची मेरीची लाकडी मूर्ती पिढ्यान्‌पिढ्या 'काळी' म्हणून पूजली जात होती, तिलाही धुऊन गोरी करून टाकले. काळाने चढवलेला थर हाही वास्तूच्या इतिहासाचा भाग असतो, तो पुसण्याचा अधिकार कोणाला आहे?

ओळंबा

आपली खंत समजते, पण तो काळेपणा मेणबत्त्यांची काजळी, धूळ आणि तापवण्याच्या यंत्रणेचा धूर यांतून आला होता. त्याखाली तेराव्या शतकातला गिलावा आणि त्यावर रंगवलेल्या दगडी सांध्यांच्या पांढऱ्या रेघा सापडल्या. म्हणजे बांधणाऱ्यांना आतला भाग उजळच हवा होता. काचाही धुतल्या गेल्या, त्यामुळे त्यांतून अधिक प्रकाश येतो, हेही हिशेबात धरावे लागेल.

रानपाखरू

हा वाद आपल्याला नवा नाही. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे शेंदराचे थर २०२२ साली काढण्यात आले, तेव्हा मूळ रूप पाहून माझी आजी हरखून गेली, पण मावशीला मात्र लहानपणापासून पाहिलेली देवी हरवल्यासारखे वाटले. दोघी एकाच रांगेत उभ्या होत्या.

आडवळण

काजळरेघ, मी सफाईच्या बाजूने आहे, पण अर्ध्याच मनाने. भिंती उजळल्यामुळे काचांची धग कमी झाली हे तुमचे निरीक्षण मला ढगाळ दिवशी खरे वाटले, लख्ख उन्हात मात्र पटले नाही. मूर्तीच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. भाविकांनी तिला काळी मानून नवस बोलले होते आणि मूळ रंगाचा शोध घेताना त्यांना कोणी विचारले असावे असे वाटत नाही. तळघरातल्या मेरीची जुनी मूर्ती तर राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये, जाळण्यात आली आणि आज तेथे प्रतिकृती आहे. शार्त्रमध्ये अस्सल काय आणि नवे काय, याचा हिशेब फारसा सरळ नाही.

दिंडीचालक

मी पॅरिसच्या उपनगरात नोकरीनिमित्त नऊ वर्षे राहतो. शार्त्रला गाडीने जाणाऱ्यांना कदाचित माहीत नसेल की दर वर्षी पेन्टेकॉस्टच्या (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या ख्रिस्ती सणाच्या) सुट्टीत हजारो लोक पॅरिसहून तेथे तीन दिवसांत पायी जातात. अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे. पताका, गाणी, पायांना आलेले फोड आणि शेवटच्या टप्प्यात गव्हाच्या शेतांवर दिसणारी शिखरे, हे सर्व पाहताना पुण्याहून निघालेल्या माणसाला काय आठवते ते सांगायला नको. या आधुनिक पायी परंपरेच्या मुळाशी कवी शार्ल पेगी यांचा १९१२ सालचा नवस आहे. त्यांचा मुलगा आजारी होता आणि तो बरा व्हावा म्हणून ते चालत शार्त्रला गेले. त्याच्याही आधी, मध्ययुगात, यात्रेकरू कॅथीड्रलमध्येच मुक्कामाला असत. आतली फरशी किंचित उतरती आहे ती सकाळी धुऊन काढता यावी म्हणून, असे तेथे सांगतात. खरेखोटे बांधणाऱ्यालाच ठाऊक, पण उतार आहे हे मी संत्रे घरंगळत गेल्यामुळे अनुभवले आहे. ते संत्रे माझ्या मुलाचे होते आणि ते एका प्रार्थना करणाऱ्या आजीबाईंच्या पायाशी जाऊन थांबले. त्यांनी डोळे न उघडता ते उचलून दिले.

सांजदिवा

फरशीचा विषय निघाला म्हणून विचारते. आम्ही खास कॅथीड्रलच्या फरशीत आखलेली वळणावळणांची वर्तुळाकार वाट पाहण्यासाठी गेलो, तर तिच्यावर ओळीने खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि मुलांचा विरस झाला. ती कधी मोकळी असते?

आडवळण

सांजदिवाताई, बहुतांश दिवस तिच्यावर खुर्च्याच असतात. साधारणपणे वसंतापासून शरदापर्यंत शुक्रवारी ती मोकळी करतात, पण जाण्यापूर्वी कॅथीड्रलच्या संकेतस्थळावर तारीख पाहून घ्यावी. तेराव्या शतकाच्या आरंभीची ही वाट सुमारे १३ मीटर व्यासाची आहे आणि ती पूर्ण चालल्यास २६० मीटरच्या आसपास अंतर होते. आपण तिला भुलभुलैया म्हणतो ते बरोबर नाही, कारण तीत फसवी वाट एकही नाही. वळणे घेत घेत केंद्रापर्यंत नेणारी एकच वाट आहे. आपल्याकडे हळेबीडच्या मंदिरावर चक्रव्यूह म्हणून कोरलेली आकृती याच कुळातली आहे. अभिमन्यूला मात्र बाहेर पडता आले नाही, येथे आलेल्या वाटेनेच परत फिरता येते. मुलांना घेऊन जूनमध्ये गेलात तर आणखी एक गंमत दाखवता येईल. दक्षिणेकडच्या आडव्या दालनात एक फरशी तिरकी बसवलेली असून तिच्यात धातूची छोटी खूण आहे. उन्हाळी अयनाच्या सुमारास मध्यान्ही संत अपोलिनेरच्या खिडकीतल्या एका छिद्रातून येणारा कवडसा बरोबर त्या खुणेवर पडतो. मध्यान्ह म्हणजे सूर्याची, घड्याळाची नव्हे, त्यामुळे बाराला जाऊन निराश होऊ नये.

काजळरेघ

दुपारच्या जेवणाची सोय लिहायची राहिली आहे. आम्ही शाकाहारी असल्याने तेथला प्रसिद्ध पाते (मांसाचा पदार्थ) आमच्या कामाचा नव्हता. शनिवारी सकाळी मंडईत ताजी फळे, चीज आणि पाव मिळाला. तो घेऊन आम्ही खालच्या पेठेत अर नदीच्या काठी बसून खाल्ला. तेथे धुणे धुण्याचे जुने घाट आणि छोटे दगडी पूल आहेत आणि वर कॅथीड्रलची पाठ दिसते. कॅथीड्रल सोडून दुसरे काहीच पाहू नये असा धागाकर्त्यांचा सूर मला थोडा कडक वाटला. गावाच्या दुसऱ्या टोकाला पिकासिएत नावाचे घर आहे. रेमों इझिदोर नावाच्या दफनभूमीत काम करणाऱ्या माणसाने फुटक्या बशा-कपांचे तुकडे लावून ते संपूर्ण मढवले. भिंती, अंगण, शिवणयंत्र, अगदी पलंगसुद्धा त्याने सोडला नाही. चंदीगडचा नेकचंद ज्यांना आवडतो त्यांनी अवश्य जावे. अंतर चालत वीस-पंचवीस मिनिटांचे आहे आणि हिवाळ्यात ते बंद असते.

आडवळण

मान्य. त्या घरातही शार्त्रचे कॅथीड्रल तुकड्यांतून चितारलेले आहे, म्हणजे माझा मुद्दा काही फार दूर गेला नाही.

दिंडीचालक

काचा आजवर टिकल्या कशा, याचा उल्लेख झाला नाही. दोन्ही महायुद्धांत त्या उतरवून सुरक्षित जागी हलवण्यात आल्या होत्या. पण ऑगस्ट १९४४ मध्ये इमारतच जाण्याची वेळ आली होती. मनोऱ्यात जर्मन टेहळे असावेत अशा संशयाने अमेरिकन तोफा त्यावर रोखल्या जाणार होत्या. वेल्बॉर्न ग्रिफिथ या कर्नलने स्वतः आत जाऊन मनोरा तपासला, तो रिकामा असल्याचे कळवले आणि मारा रद्द झाला. त्याच दिवशी जवळच्या लेव्ह गावात ते लढताना मारले गेले. तेथे त्यांच्या नावाची पाटी आहे.

सांजदिवा

गेल्या शुक्रवारी आम्ही पुन्हा गेलो. वाट मोकळी होती आणि धाकटीने ती दोनदा चालून काढली. नंतर दुर्बीण तिच्याकडे देऊन चांभार शोधायला सांगितले. तिने चांभार शोधलेच, शिवाय वरच्या बाजूला सापही शोधला आणि "हा खालच्या गोष्टीत का नाही?" असे विचारले. मला उत्तर देता आले नाही. आडवळण, तुम्ही सांगू शकाल का?

आडवळण

मलाही तो प्रश्न सुचला नव्हता. माझ्या मते खालच्या गोष्टीत सापाची जागा दरोडेखोरांनी घेतली आहे, कारण माणसाचे नेसूचे हिरावून घेणारे दोन्हीकडे तेच. धाकटीला हे पटते का ते विचारून कळवावे.